बॉयकॉट म्हणजे वाळीत टाकणे नव्हे

‘बॉयकॉट’ हे इंग्रजी क्रियापद आता मराठीत इतके रुळले आहे की त्याचा अर्थ विचारावा असे कोणाला वाटत नाही. एखादा चित्रपट, शेजारी देशाचा माल, एखाद्या वक्त्याचे व्याख्यान, एखाद्या कंपनीचा साबण आणि एखाद्या धर्माच्या फळविक्रेत्याची हातगाडी, या सगळ्यांना तो एकच शब्द लावला जातो आणि मग त्यावरचा वाद ठरलेल्या वाटेने जातो. बाजूने बोलणारे लोकमान्यांच्या चतुःसूत्रीचा दाखला देतात. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांपैकी जे शस्त्र इंग्रजांविरुद्ध चालले, ते आज उचलले तर बिघडले कुठे, असा त्यांचा सवाल असतो. विरोधात बोलणारे जातपंचायतींकडे बोट दाखवतात आणि ज्या प्रथेने कित्येक कुटुंबांचे जगणे नासवले तिला लोकशाहीत थारा कशासाठी, असे विचारतात. दोन्ही दाखले खरे आहेत, पण ते दोन निरनिराळ्या कृत्यांचे आहेत. एकाच नावाखाली दोन गोष्टी घेऊन बसलेल्या दोन पक्षांचे एकमत होणार तरी कसे?

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. बॉयकॉट आणि वाळीत टाकणे ही दोन कृत्ये बाहेरून सारखी दिसतात, साधनेही बरीचशी तीच वापरतात, पण त्यांची मागणी परस्परविरुद्ध असते. बॉयकॉट समोरच्याने इतरांवर चालवलेली सत्ता सोडावी म्हणून केला जातो. वाळीत टाकले जाते ते समोरच्याने स्वतःचा हक्क सोडावा म्हणून. हा भेद मी आज सोयीसाठी पाडलेला नाही. ‘बॉयकॉट’ हे क्रियापद ज्या संभाषणात घडले, त्याच संभाषणात तो बोलून दाखवला गेला होता, आणि आपल्याकडे या शब्दावर ज्यांनी गांभीर्याने विचार केला त्या गोखले, टिळक आणि आंबेडकर यांच्या लिखाणात व कृतीत तो पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

इथे एक आक्षेप लगेच घेतला जाईल आणि तो रास्त आहे. शब्दाचा उगम म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला, म्हणून शेंगदाण्याच्या तेलाला तेल म्हणणे कोणी चूक ठरवत नाही. शब्द बोलणाऱ्यांच्या मालकीचे असतात, त्यांच्या जन्मदात्यांच्या नव्हेत. तेव्हा १८८० साली आयर्लंडमध्ये कोणाला काय म्हणायचे होते यावरून आज पुण्यात किंवा नागपुरात कोणी काय करावे हे ठरत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. उगमाचा आधार घेऊन आजचा वापर बाद ठरवण्याचा माझा हेतूच नाही. तरीही हा उगम पाहण्याजोगा आहे, कारण बहुतेक शब्दांचा जन्म अंधारात होतो आणि या शब्दाचा मात्र उजेडात झाला. ज्यांनी तो घडवला त्यांच्यापुढे नेमकी आपलीच अडचण होती, ती म्हणजे एक जुना शब्द दोन कृत्यांना पुरेनासा झाला होता.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा मूळचा इंग्लंडमधल्या नॉरफोकचा. थोडा काळ लष्करात काढून तो आयर्लंडमध्ये आला आणि पुढे पश्चिमेकडील मेयो काउंटीत, लॉक मास्क सरोवराच्या काठी, लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी झाला. जमीनदार दूर राहणार, कुळांकडून खंड वसूल करायचा आणि न देणाऱ्याला जमिनीवरून काढायचे ते या कारभाऱ्याने, अशी ती रीत होती. १८७९ साली पिके बुडाली. तीन दशकांपूर्वीचा महादुष्काळ ज्यांनी पाहिला होता ती माणसे अजून हयात होती, त्यामुळे दुष्काळाची नुसती चाहूल लागली तरी त्या भागाचा थरकाप उडत असे. त्याच वर्षी लँड लीग ही कुळांची संघटना उभी राहिली. चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल तिचा अध्यक्ष आणि मायकल डेव्हिट तिचा प्राण. डेव्हिटच्या आईबापांना तो लहान असताना मेयोतच घरातून हुसकावून लावले होते, आणि इंग्लंडातल्या कापडगिरणीत कोवळ्या वयात काम करताना त्याचा एक हात गेला होता. १८८० च्या सुगीनंतर अर्नने खंडात दहा टक्के सूट देऊ केली. कुळांनी पंचवीस टक्के मागितली. ती नाकारली गेली आणि सप्टेंबरात बेदखलीच्या नोटिसा निघाल्या. नोटिसा वाटायला आलेल्या माणसाने दोन-चार घरे केली असतील नसतील, तोच गावातल्या बायका जमल्या आणि चिखल-दगडांचा मारा करून त्यांनी त्याला पिटाळून लावले.

पुढच्या काही दिवसांत जे घडले ते बॉयकॉटने स्वतः लंडनच्या ‘टाइम्स’ला लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. शेतमजूर गेले, घरचे नोकर गेले. लोहाराने काम थांबवले, कपडे धुणाऱ्या बाईने धुणे थांबवले, दुकानदारांनी माल देणे बंद केले. शेतात बटाटे, सलगम आणि धान्य उभे होते आणि काढायला माणूस मिळेना. शेवटी कॅव्हन आणि मोनाहन या उत्तरेकडच्या काउंट्यांतून पन्नास स्वयंसेवक आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो शिपाई व पोलीस उभे करावे लागले. पीक होते सुमारे पाचशे पौंडांचे आणि बंदोबस्तावर खर्च झाला सुमारे दहा हजार पौंड. नोव्हेंबरच्या पावसात पंधरवडाभर हा प्रकार चालला, पीक निघाले, स्वयंसेवक परतले आणि त्यांच्या पाठोपाठ बॉयकॉटही कुटुंबासह ते घर सोडून गेला. पुढच्याच वर्षी, १८८१ साली, ग्लॅडस्टन सरकारने कुळांना रास्त खंड ठरवून घेण्याचा हक्क देणारा कायदा केला.

क्रियापद मात्र त्याआधीच घडले होते. जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकन पत्रकार त्या भागात बातम्या पाठवत होता. त्याने नोंदवून ठेवले आहे की सप्टेंबरच्या अखेरीस एके दिवशी जॉन ओमॅली या स्थानिक धर्मगुरूबरोबर जेवत असताना तो एका शब्दासाठी अडून बसला होता. बेदखल झालेल्या कुळाची जमीन बळकावणाऱ्याला लोक एकटे पाडतात, त्याला आपण सामाजिक बहिष्कृती म्हणतो. पण बॉयकॉटसारख्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला लोक असेच वागवतात तेव्हा त्याला अगदी वेगळा शब्द हवा, असे त्याचे म्हणणे होते. ग्रीकांपासून चालत आलेला ‘ऑस्ट्रसाइझ’ हा शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही. तेव्हा ओमॅली म्हणाला, आपण त्याला ‘टू बॉयकॉट’ म्हटले तर? ऑक्टोबरात रेडपाथच्या बातमीपत्रातून तो शब्द छापला गेला आणि थोड्याच वर्षांत फ्रेंच, जर्मन, डच आणि रशियन भाषांनीही तो उचलला. या संभाषणात काय घडते आहे ते नीट पाहिले पाहिजे. कृत्य तेच आहे, संबंध तोडणे. तरीही ज्याच्याविरुद्ध ते होते आहे तो बदलला की कृत्यही बदलते असे त्या दोघांना वाटते, आणि त्या बदलासाठी जुना शब्द पुरत नाही असेही वाटते.

आता यावरचा सगळ्यात भक्कम प्रतिवाद मांडायला हवा. आयर्लंडची ही कथा मी सांगितली तितकी निर्मळ नाही. बॉयकॉटच्या लोहाराला ठार मारण्याच्या धमकीचे पत्र आले होते. कपडे धुणाऱ्या बाईने काम सोडले ते आपण होऊन नव्हे, तिला तसा हुकूम झाला होता. त्याच्या कुंपणाच्या भिंती पाडल्या, फाटके उघडून गुरे रस्त्यावर हाकलली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथे पार्नेलने जे भाषण केले आणि ज्याने या सगळ्याला चालना मिळाली, ते जमीनदारांविरुद्ध नव्हतेच. बेदखल कुळाची जमीन जो दुसरा माणूस कसायला घेईल, त्याला रस्त्यात, दुकानात, बाजारात आणि प्रार्थनास्थळातही एकटे पाडा, जुन्या काळच्या कुष्ठरोग्यासारखे दूर ठेवा, असे पार्नेलने सांगितले होते. ती जमीन घेणारा माणूस अनेकदा तितकाच गरीब शेतकरी असे. १८८८ साली पोपने या पद्धतीचा जाहीर निषेध केला तो काही निव्वळ इंग्रजांची मर्जी राखण्यासाठी केला, असे म्हणून झटकून टाकता येत नाही. तेव्हा टीकाकार विचारू शकतो: ज्या शब्दाच्या पाळण्यातच कुष्ठरोग्याची उपमा आहे, त्याला अन्यायाविरुद्धचे शस्त्र कसे म्हणायचे?

हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे, आणि विचारणारे होते गोपाळ कृष्ण गोखले. १९०५ च्या डिसेंबरात बनारसच्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी वंगभंगाविरुद्ध बंगालने उगारलेल्या बहिष्काराचे समर्थन केले, पण अगदी निरुपायाच्या प्रसंगापुरते. लगेच पुढे त्यांनी बजावले की ‘बॉयकॉट’ या शब्दाला त्याच्या उगमामुळे वाईट वास चिकटला आहे. दुसऱ्याचे नुकसान करण्याची सूडबुद्धी सर्वांत आधी त्यातून मनात येते. स्वदेशी हा शब्द त्यांना जवळचा वाटे. शब्दाच्या उगमाकडे बोट दाखवून राजकीय भूमिका ठरवणारे इतके थोर उदाहरण आपल्या सार्वजनिक जीवनात विरळाच. टिळकांची भूमिका उलटी होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली होती, १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात बहिष्काराचा ठराव संमत झाला, आणि जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्यातच नव्या पक्षाची तत्त्वे सांगताना टिळकांनी बहिष्काराचा अर्थ कापडाच्या कितीतरी पलीकडे नेला. सारा गोळा करायला, शांतता राखायला, सरहद्दीपलीकडे लढायला आम्ही हातभार लावणार नाही, हा त्यांचा बहिष्कार होता. राज्य आमच्याच हातांनी चालते, म्हणून ते हात काढून घेणे एवढाच त्याचा गाभा. त्या भाषणात कोणा एका इंग्रज माणसाला पाणी मिळू नये अशी इच्छा कुठेही नाही.

मला वाटते गोखल्यांचे भय खरे होते आणि टिळकांचा विचारही खरा होता. गोखले साधनाकडे पाहत होते आणि साधन खरोखरच धोकादायक आहे. टिळक मागणीकडे पाहत होते. बॉयकॉटविषयीचा निर्णय साधनावरून होऊ शकत नाही, तो मागणीवरूनच करावा लागतो, हे दाखवायला आयर्लंडला जाण्याचीही गरज नाही; शिरूर तालुक्यातले करडे गाव पुरेसे आहे. डिसेंबर १८७४ मध्ये तिथल्या काळूराम नावाच्या सावकाराने गावच्या बाबासाहेब देशमुखांविरुद्ध दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडायला घेतले. गाव उठले. सावकाराच्या दुकानात कोणी पाऊल टाकेना, त्याची जमीन कोणी कसेना, न्हाव्याने हजामत बंद केली, परटाने धुणे बंद केले, चांभाराने जोडे शिवणे बंद केले. हे लोण पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत पसरले. मे १८७५ मध्ये सुप्याला दंगा उसळला, सावकारांच्या वह्या-खतांच्या होळ्या झाल्या, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. म्हणजे मेयोतल्या लोहाराने आणि परटिणीने जे केले तेच सहा वर्षे आधी, जवळपास त्याच क्रमाने, भीमेच्या खोऱ्यात झाले होते. फक्त त्याला नाव नव्हते. ज्यांनी ते केले त्यांना कोणा पार्नेलचे भाषण ऐकावे लागले नाही. बलुतेदारीच्या गावात कामास नकार देणे म्हणजे काय, हे प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक होते.

आणि ठाऊक होते याचेच कारण अस्वस्थ करणारे आहे. न्हावी, परीट, वाणी यांनी सेवा तोडणे हे साधन गावाला सापडले ते सावकारासाठी नव्हे. ते शतकानुशतके वापरले जात होते जातीचे नियम मोडणाऱ्यांवर, विधवेशी लग्न करणाऱ्यावर, परजातीत जेवणाऱ्यावर, आणि सर्वांत निष्ठुरपणे अस्पृश्यांवर. आपल्याकडे याला ग्रामण्य म्हणत, बोलीत वाळीत टाकणे म्हणत. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक आणि रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य उभे राहिले, वाद धर्मपीठापर्यंत गेला आणि रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. ज्यांचे नाव पुढे बहिष्काराशी कायमचे जोडले गेले ते टिळक त्याआधी स्वतः त्याच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. पण दोन्ही टोकांना काय मागितले जात होते? करड्याच्या गावकऱ्यांना सावकाराने त्यांच्या घरादारावरची पकड सोडावी असे हवे होते. पुण्यातल्या ग्रामण्यकर्त्यांना एका माणसाने आपल्या मर्जीने एक कप चहा पिण्याचा अधिकार सोडावा असे हवे होते.

आक्षेप असा येईल की मागणी तर जातपंचायतही करते. दंड भर, प्रायश्चित्त घे, जातीला जेवण घाल, मुलीचे लग्न मोडून टाक आणि परत ये, असे तीही सांगते. परतीची वाट दोन्हीकडे असते, मग फरक उरला कुठे? परतीच्या वाटेवरून फरक ठरवण्याचा मोह अनेक जाणत्यांनाही होतो, पण त्या निकषाने जातपंचायत सुटून जाईल. म्हणून वाट आहे का एवढे विचारून चालत नाही, त्या वाटेवरून परतताना माणसाला काय टाकून यावे लागते ते विचारले पाहिजे. लॉर्ड अर्नला टाकायचा होता खंडाचा एक हिस्सा. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहराच्या बस कंपनीला, १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस चाललेल्या बॉयकॉटनंतर, टाकावा लागला काळ्या प्रवाशाला जागेवरून उठवण्याचा अधिकार. या दोघांपैकी कोणाचाही स्वतःवरचा हक्क गेला नाही, दुसऱ्यावरचा गेला. जातपंचायतीपुढे परतणाऱ्या मुलीला मात्र आपला नवरा टाकून यावे लागते.

महाडची घटना या संदर्भात डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर अस्पृश्यांवर हल्ले झाले आणि बहिष्काराची हत्यारे परजली गेली. पुढच्या महिन्यात बाबासाहेबांनी जे पाक्षिक सुरू केले त्याचे नावच ‘बहिष्कृत भारत’ होते, आणि त्याआधी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’. एकीकडे मराठी वृत्तपत्रांत ‘बहिष्कार’ हा अभिमानाचा शब्द झालेला असताना दुसरीकडे त्याच धातूपासून झालेला ‘बहिष्कृत’ हा शब्द एक समाज आपली ओळख म्हणून छातीवर लावत होता. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिचे बाबासाहेब सदस्य होते, १९३० च्या अहवालात लिहिले आहे की गावोगावी दलितांवरचा हा बहिष्कार इतका कडक असतो की वापरातल्या सामायिक वाटा त्यांना बंद केल्या जातात आणि गावचा वाणी जगण्यापुरत्या वस्तू विकणेही थांबवतो. कारण बहुधा क्षुल्लक असते, आणि दलित बहुतांशी सवर्णांच्या जमिनीवर मर्जीने राहणारे कूळ किंवा त्यांच्या शेतावरचे मजूर असल्याने त्यांच्याजवळ टिकून राहण्याचे साधनच नसते. मेयोच्या कुळांनी जे आपल्याजवळ होते ते काढून घेतले, म्हणजे आपले श्रम. महाड परिसरात जे काढून घेतले गेले ते दुसऱ्याचे होते: रस्ता, पाणी, मीठमिरची.

हाच गोंधळ आपल्यापुरता नाही. माँटगोमेरीचा लढा चालवताना मार्टिन ल्यूथर किंग यांना नेमका हाच पेच पडला होता. गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’ संघटना वंशभेद टिकवण्यासाठी काळ्यांचे रोजगार आणि कर्जे तोडत होत्या. मग आपण बसवर बॉयकॉट घालतो ते त्यांच्याहून वेगळे कसे? आपण बस कंपनीला बुडवायला निघालेलो नाही, एका दुष्ट व्यवस्थेतले आपले सहकार्य काढून घेतो आहोत, या निष्कर्षावर ते आले, आणि ‘बॉयकॉट’ हा शब्दच दिशाभूल करणारा आहे असे वाटून त्यांनी तो शक्यतो टाळायला सुरुवात केली. दुसरे टोक जर्मनीने दाखवले. १ एप्रिल १९३३ रोजी नाझींच्या गणवेशधारी टोळ्या ज्यूंच्या दुकानांच्या दारांत उभ्या राहिल्या. जर्मन भाषेने आयर्लंडमधून घेतलेले तेच क्रियापद त्या दिवसासाठी वापरले गेले. त्या दुकानदारांनी काय केले म्हणजे तो बॉयकॉट उठला असता? या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण त्यांनी काही केलेलेच नव्हते. वाळीत टाकलेला माणूस निदान हक्क सोडून परतू शकतो; केवळ जन्मावरून ज्याच्याशी व्यवहार तोडला त्याच्याजवळ सोडण्यासारखेही काही नसते. आपल्या रस्त्यावरच्या फळविक्रेत्याच्या गाडीविरुद्ध जी आवाहने फिरतात ती या जातकुळीतली आहेत, आणि त्यांना टिळकांचा दाखला देणे हा टिळकांवर अन्याय आहे.

‘मी कोणाकडून काय घ्यावे हा माझा प्रश्न,’ असे यावर उत्तर येते. एकट्या माणसापुरते ते खरे आहे. ज्याला चित्रपट पाहायचा नाही त्याने पाहू नये, ज्याला एखाद्या देशाचा माल नको त्याने तो घेऊ नये. तेवढ्यासाठी कोणालाही जाब विचारता येणार नाही, आणि त्याने दहा जणांना तसे पटवून दिले तरीही नाही. मात्र चित्रपटगृहाच्या दारात उभे राहून प्रेक्षकाला परतवले की ती जबरदस्ती झाली; तिथे बॉयकॉट या शब्दाचा संबंध उरत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या लाखो लोकांनी गुलामांच्या कष्टाची साखर सोडली होती. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या थॉमस क्लार्कसनचा अंदाज तीन लाखांचा होता. त्यांनी कोणाच्या चहात साखर पडू नये म्हणून पहारे बसवले नाहीत. तेव्हा माल नाकारणे आणि माणूस नाकारणे यांत अंतर आहे. माल नाकारला तर उत्पादक बदलू शकतो, दर उतरवू शकतो, दुसरे गिऱ्हाईक शोधू शकतो. गावातल्या सगळ्यांनी मिळून एका घराशी बोलणे थांबवले, तर त्या घराने कोणाकडे जायचे?

दुबळा कोण आणि सबळ कोण हे ठरवणार कोण, असाही प्रश्न विचारला जातो, आणि तो टाळता येणार नाही. बॉयकॉट स्वतः लॉर्ड नव्हता, पगारी कारभारी होता. एनिसच्या भाषणातला जमीन घेणारा शेतकरी तर त्याहूनही लहान. म्हणूनच मी म्हणतो की त्या भाषणातली कुष्ठरोग्याची उपमा चुकीची होती आणि ओमॅलीने थोड्याच दिवसांच्या फरकाने सुचवलेला शब्द बरोबर होता, कारण त्याचा रोख कारभाऱ्याच्या अधिकारावर होता. एकाच चळवळीच्या पोटात दोन्ही कृत्ये नांदू शकतात. चळवळ थोर असली की तिच्यातले वाळीत टाकणेही थोर होत नाही. स्वदेशीच्या काळातही विदेशी माल विकणाऱ्या लहान दुकानदारांना आणि तो घेणाऱ्या गरिबांना जिथे जातीबाहेर काढण्याच्या धमक्या दिल्या गेल्या, तिथे गोखल्यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले होते, हे टिळकांच्या चाहत्यांनी मोकळेपणाने कबूल करावे.

कायद्याने हा भेद कसा हाताळला ते पाहिले की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. मुंबई राज्याने १९४९ साली जातिबहिष्कृतीला बंदी घालणारा कायदा केला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो रद्द केला. धर्मपंथाला आपल्या सदस्याला काढण्याचा हक्क आहे, असे बहुमताने मानले. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र वेगळे मत नोंदवले, कारण त्यांना त्या हक्कापलीकडे माणसाची प्रतिष्ठा दिसत होती. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालवली, आणि २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा मंजूर केला. जुलै २०१७ पासून तो लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याच्या नावात ‘सामाजिक’ हे विशेषण घालावे लागले याचे कारण उघड आहे: नुसत्या ‘बहिष्कार’ या शब्दावर बंदी घातली असती तर मतदानावर बहिष्कार घालणारे गाव आणि एका कुटुंबाचे पाणी तोडणारे गाव एकाच कलमाखाली आले असते.

या वाटेवरचे पहिले पाऊल मात्र बाबासाहेबांनी १९३० च्या गोलमेज परिषदेत टाकले. अल्पसंख्याक उपसमितीपुढे दलितांसाठी मागितलेल्या संरक्षणांच्या आराखड्यात त्यांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवणारी कलमे घातली आणि ती कुठून घेतली हेही नमूद केले: १९२२ च्या बर्मा अँटी-बॉयकॉट कायद्यातून. तो कायदा वसाहतीच्या सरकारने केला होता. इंग्रजांचा कायदा उचलला म्हणून त्यांना तेव्हाही आणि नंतरही नावे ठेवली गेली. पण मसुदा नीट वाचला तर दिसते की घर किंवा जमीन न देणे, कामावर न घेणे, नेहमीच्या व्यवहारास नकार देणे, अशा एकेका कृत्याची बारकाईने यादी केल्यावर त्यांनी अपवादही लिहून ठेवला आहे: प्रामाणिक कामगार-तंट्यात केलेली कृती आणि धंद्यातल्या नेहमीच्या स्पर्धेत केलेली कृती हा गुन्हा होणार नाही. गावाच्या नाकाबंदीत सापडलेल्यांची बाजू मांडणारा माणूस त्याच कागदावर संप करणाऱ्या कामगाराचा नकार शाबूत ठेवत होता.